इंग्रजीतील अनोळखी शब्द मराठीच्या वाटेने

तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावले आणि संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची उभारणी सुरू केली. दोनच वर्षांनी, १९१२ मध्ये, येथून ‘लायब्ररी मिसेलनी’ नावाचे नियतकालिक निघू लागले, ज्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांतले लेखन असे. हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा ‘मिसेलनी म्हणजे संकीर्ण संग्रह’ असा अर्थ पाठ केला आणि महिन्याभरात तो विसरलोही. पुढे व्युत्पत्तिकोशात कळले की या शब्दाच्या मुळाशी ‘मिसळणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद ‘मिस्केरे’ आहे आणि आपल्या ‘मिश्र’ शब्दाशी त्याचे रक्ताचे नाते आहे. मग रसायनशास्त्राच्या पुस्तकातला ‘इमिसिबल’, म्हणजे तेल आणि पाण्यासारखे एकमेकांत न मिसळणारे द्रव, आणि संगीतात ऐकलेला ‘मेडली’, म्हणजे अनेक गाण्यांची मिसळ, हेही त्याच कुळातले निघाले. एका शब्दाच्या मागोमाग आणखी दोन शब्द आले आणि ते तिन्ही आजतागायत विसरलेले नाहीत.

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवू पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी मी जी पद्धत सुचवणार आहे ती या अनुभवातून आली आहे. आपण कोऱ्या पाटीने इंग्रजीकडे जात नाही. संस्कृतातून आलेले शेकडो शब्द आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठीतल्या बारीक अर्थच्छटा आपल्याजवळ आधीच असतात. बडोद्यासारख्या शहरात तर घरी मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत इंग्रजी असा एका भाषेतून दुसरीत जाण्याचा सराव लहानपणापासून होतो. हे भांडवल बाजूला ठेवून ‘हजार अवघड शब्द’ अशा नावाच्या याद्या घोकणे म्हणजे घरात विहीर असताना पाण्यासाठी वणवण करण्यासारखे आहे.

प्रारंभ करण्यापूर्वी आपण नेमके कुठे उभे आहोत हे तपासावे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतील सुमारे २,००० मूलभूत शब्दांची सूची प्रसिद्ध केली होती, आणि २००० साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अभ्यासविषयक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची, म्हणजे एक शब्द आणि त्यापासून बनणारी रूपे अशा गटांची, सूची तयार केली. या दोन्ही सूचींतले शब्द वाचताना अडखळायला होत असेल, तर अपरिचित शब्दांच्या मागे लागण्याची घाई करू नये, कारण पाया कच्चा असताना दुर्मीळ शब्द टिकत नाहीत. ज्यांना एवढी तपासणी नको असेल त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रातील अग्रलेखाचे साधारण ३०० शब्द मोजून घ्यावेत आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी. अशा शब्दांची संख्या सहाच्या आत असेल, तर तो मजकूर आपल्या पातळीचा आहे. वीस-पंचवीस असेल, तर आणखी सोपा मजकूर निवडावा. वाचनाची लय न तुटता नवा शब्द संदर्भावरून ओळखता येण्यासाठी शंभरातील सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ठाऊक असावे लागतात, असे या विषयाचे अभ्यासक मानतात.

शब्दांची निवड आपल्या वाचनातूनच करावी. माझा नियम असा की एखादा अनोळखी शब्द एकदा भेटला तर त्याखाली रेघ ओढायची, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या ठिकाणी भेटला तरच त्याला वहीत जागा द्यायची. आठवड्याला पाच शब्द पुरेत. वर्षाअखेरीस ते २६० होतात, आणि प्रत्येकाचे कूळ सोबत आले तर ही संख्या सहज दुप्पट होते.

आता वहीविषयी. आडवे धरता येईल असे मोठे पान घ्यावे आणि त्यावर पाच रकाने आखावेत: शब्द, त्याचे मूळ, मराठी प्रतिशब्द, ज्या वाक्यात तो सापडला ते वाक्य आणि त्याच्या सोबतीने येणारे शब्द. शब्द रोमन लिपीतच लिहावा, कारण उच्चारावरून स्पेलिंगचा अंदाज बांधणे इंग्रजीत धोक्याचे असते. भाषा शेजारी शेजारी मांडण्याची ही रीत बडोद्याला नवी नाही. १९३१ साली येथे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध झाला, ज्यात राज्यकारभारातील संज्ञा इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू आणि फारसी अशा आठ भाषांत एकाच ओळीत मांडल्या आहेत. कोणताही शब्द दुसऱ्या भाषेच्या शेजारी बसवला की त्याचे माप कळते, हे त्या कोशकारांनी ओळखले होते. आपल्याला दोन भाषा पुरतील, आणि घरात गुजराती बोलली जात असेल तर तिच्यासाठी आणखी एक रकाना जरूर आखावा.

सर्वांत अधिक वेळ दुसऱ्या रकान्याला, म्हणजे मुळाला, द्यावा. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत या एकाच आदिभाषेतून निघालेल्या असाव्यात, हा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडला. या भाषा बहिणी आहेत. त्यांपैकी कोणीही दुसरीची आई नाही, एवढे नीट लक्षात ठेवून पुढे जावे. इंग्रजीतले बहुतेक जड शब्द लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले असल्याने मराठी वाचकाला त्यांत ओळखीचे चेहरे दिसू लागतात. ‘नॉक्टर्नल’ म्हणजे निशाचर. त्यातला ‘नॉक्ट’ आणि दिवसभर उपवास करून रात्री एकदाच जेवण्याच्या नक्तव्रतातला ‘नक्त’ हे एकच मूळ. त्याच्या उलट ‘डायर्नल’ म्हणजे दिवसा होणारा, दिवसाशी संबंधित. त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘डिएस’ आपल्या ‘दिवस’ शब्दाचा भाऊबंद आहे. झोपेत चालणाऱ्याला ‘सॉम्नँब्युलिस्ट’ म्हणतात. त्याचा पूर्वार्ध लॅटिन ‘सॉम्नस’, म्हणजे झोप, हा ‘स्वप्न’ शब्दाशी जोडलेला आहे आणि निद्रानाशासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘इन्सॉम्निया’तही तोच आहे. ‘इग्नियस’ खडक म्हणजे अग्निजन्य खडक, हे तर शाळेच्या भूगोलातही येते. तिथे ‘इग्निस’ आणि ‘अग्नि’ एकमेकांसमोर उभे असतात, पण तिकडे आपले लक्ष जात नाही.

मला विशेष प्रिय असलेला शब्द ‘नेपोटिझम’ हा आहे. लॅटिनमध्ये ‘नेपॉस’ म्हणजे नातू, आणि पुढे पुतण्या किंवा भाचाही. संस्कृतातील ‘नप्तृ’ याच कुळातला, आणि त्याच ‘नप्तृ’पासून आपला ‘नातू’ तयार झाला. पोप मंडळी आपल्या पुतण्या-भाच्यांना मोठमोठी पदे देत, त्यावरून इटालियनमध्ये हा शब्द रूढ झाला आणि तेथून पुढे इंग्रजीत आला. मराठी रकान्यात मी त्यापुढे ‘आप्तांची वर्णी लावणे’ असे लिहिले आहे. कुळासह लिहिलेला शब्द पुन्हा पाठ करावा लागत नाही.

एका मुळाचे सगळे कुटुंब एकाच पानावर लिहिल्याने किती फायदा होतो, याचे उदाहरण म्हणून ‘अ‍ॅनिमस’ घ्यावा. लॅटिनमध्ये तो मन किंवा चित्त या अर्थी येतो आणि त्याच्या मुळाशी श्वासाची कल्पना आहे. ‘प्राण’ शब्दातील ‘अन्’ हा धातू त्याचाच सोयरा. त्याच्या आधी ‘महत्’च्या नात्यातला ‘मॅग्नस’ लावला की ‘मॅग्नॅनिमस’ होतो, म्हणजे मोठ्या मनाचा. सम या अर्थाचा शब्द लावला की ‘इक्वॅनिमिटी’, म्हणजे चित्ताची समता. एक लावला की ‘युनॅनिमस’, म्हणजे एकमताचा. आणि अगदी लहान या अर्थाचा लावला की ‘प्युसिलॅनिमस’, म्हणजे ज्याच्या मनात धैर्यच नाही असा, भ्याड. शेवटचा शब्द एकटा पाठ करायला गेलो तर जीभही वळत नाही. पण भावंडांच्या रांगेत बसवला की तो घरचा वाटतो.

या वाटेवर दोन खड्डे आहेत आणि नवशिक्याने ते आधीच पाहून ठेवावेत. पहिला म्हणजे दिसणाऱ्या साम्यावर विसंबणे. ‘डायर्नल’ आणि ‘दिवस’ यांचे नाते खरे आहे, पण साधा इंग्रजी ‘डे’ मात्र ‘दिवस’चा नातलग नाही, तो वेगळ्या मुळातून आलेला आहे. म्हणून कानाला साम्य वाटले तरी व्युत्पत्तिकोश उघडल्याशिवाय नाते लिहू नये. दुसरा खड्डा अधिक खोल आहे, तो म्हणजे शब्दाच्या रूपावरून अर्थ गृहीत धरणे. ‘नॉइसम’चा नॉइजशी, म्हणजे गोंगाटाशी, काहीही संबंध नाही, त्याचा अर्थ दुर्गंधीयुक्त, किळसवाणा. ‘रेस्टिव’ म्हणजे विश्रांती घेणारा नव्हे, तर बेचैन, ताब्यात न राहणारा. ‘एनर्व्हेट’ म्हणजे उत्साह देणे नव्हे, तर शक्ती हरण करणे, गळाठून टाकणे.

या दुसऱ्या खड्ड्यात मी स्वतः पडलो आहे. पूर्वी ज्या कंपनीत मी भाषांतराचे काम करीत होतो तेथे एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या निरोपसमारंभाचे मानपत्र इंग्रजीत लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘फुल’ म्हणजे भरलेला, तेव्हा ‘फुल्सम’ म्हणजे भरभरून, असे धरून मी त्यात ‘फुल्सम ट्रिब्यूट’ असे लिहिले आणि ते तसेच वाचले गेले. कार्यक्रमानंतर इंग्रजी साहित्याचे वाचन असलेल्या एका सहकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की जाणकार वाचक या शब्दातून अतिरेकी, कृत्रिम वाटणारी स्तुती असाच अर्थ घेतो. ज्यांच्याविषयी मनापासून आदर होता त्यांच्याच निरोपाच्या दिवशी हे घडले, याचे वाईट वाटले, आणि तेव्हापासून शब्दकोशातील निदान तीन वाक्ये वाचल्याखेरीज कोणताही नवा शब्द मी लेखनात वापरत नाही. नवशिक्यांनी हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

तिसरा रकाना, मराठी प्रतिशब्दाचा, वरकरणी सोपा वाटतो, परंतु खरा अभ्यास तिथेच होतो. इंग्रजी-मराठी कोशात अनेकदा तीन वेगळ्या शब्दांपुढे एकच अर्थ छापलेला असतो आणि शिकणाऱ्याला ते तिन्ही सारखेच वाटतात. माझी भाची दर शनिवारी संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वही घेऊन येते. एकदा तिने विचारले, “मामा, ‘टॅसिटर्न’, ‘रेटिसंट’ आणि ‘लॅकोनिक’, तिन्हींचा अर्थ कोशात अबोल असाच दिला आहे. मग इंग्रजीत तीन शब्द कशाला?” मी तिला उलट विचारले, “तुझे आजोबा घुमे होते का गं?” ती लगेच म्हणाली, “छे, घुमे कुठे? मोजकं बोलायचे, पण बोलायचे ते नेमकं.” तिच्या या उत्तरातच तिच्या प्रश्नाचे उत्तर होते. स्वभावानेच घुमा असतो तो ‘टॅसिटर्न’. एरवी बोलतो, पण स्वतःविषयी किंवा एखाद्या विषयावर हातचे राखून बोलतो, तो ‘रेटिसंट’. आणि कमीत कमी शब्दांत नेमके बोलतो तो ‘लॅकोनिक’. लॅकोनिया हा ग्रीसमधील स्पार्टाचा प्रदेश. ‘मी तुमच्या भूमीत शिरलो तर तुमचे नगर धुळीला मिळवीन,’ असा निरोप मॅसिडोनच्या फिलिप राजाने पाठवला, तेव्हा स्पार्टाच्या लोकांनी ‘जर’ एवढेच उत्तर दिले, अशी कथा आहे. भाचीने वहीत ‘लॅकोनिक’पुढे ‘आजोबा’ असे लिहिले. कोणत्याही कोशात सापडणार नाही इतका चपखल प्रतिशब्द तो आहे, निदान तिच्यापुरता.

फार बोलणाऱ्यांच्या बाबतीतही हीच तऱ्हा आहे. ‘लोक्वेशियस’ म्हणजे बोलघेवडा. ‘गॅरुलस’ म्हणजे क्षुल्लक गोष्टींचे चऱ्हाट वळत बसणारा. ‘व्हर्बोज’ म्हणजे पाल्हाळिक, जो लेखनालाही लागू पडतो. आणि ‘ग्लिब’ म्हणजे सफाईदार पण वरवरचे बोलणारा, ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवावासा वाटत नाही असा. हट्टीपणाचे शब्दही असेच पारखावेत. ‘टेनेशस’ला चिवट म्हणावे, कारण त्यात कौतुक आहे, तडजोडीला मुळीच तयार नसलेला ‘इंट्रॅन्सिजंट’ हेकट ठरतो, आणि कशानेही न द्रवणारा ‘ऑब्ड्युरेट’ निगरगट्ट. कौतुक आहे, निंदा आहे की शब्द तटस्थ आहे, हे प्रत्येक शब्दापुढे एका अक्षराने नोंदवावे: कौ, निं किंवा त.

या रकान्यासाठी माझा सर्वांत मोठा आधार मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आहे. त्याची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि विस्तारित दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो आज विनामूल्य पाहता येतो. तो उलट्या दिशेने वापरावा. ‘हुरहूर’, ‘चिवट’, ‘कुजबुज’, ‘आडमुठा’ असा एखादा नित्याचा मराठी शब्द घ्यावा आणि त्याचा नेमका भाव पकडण्यासाठी कोशकारांनी कोणकोणते इंग्रजी शब्द मांडले आहेत ते पाहावे. त्यांतले काही आता जुने झाले आहेत, म्हणून आवडलेला शब्द एखाद्या आधुनिक इंग्रजी कोशात तपासून मगच वहीत घ्यावा. परंतु आपल्या मनातल्या शब्दापासून निघून परक्या शब्दापर्यंत पोहोचण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

पाचव्या रकान्यात सोबती शब्द लिहावेत. आपण ‘मुसळधार पाऊस’ म्हणतो, पण ‘मुसळधार वारा’ कधीही म्हणत नाही. थंडी ‘कडाक्याची’ असते आणि अरण्य ‘निबिड’ असते. इंग्रजीतही शब्दांचे असे घरोबे ठरलेले असतात. ‘इन्क्लेमेंट’ म्हणजे प्रतिकूल, निर्दय. पण तो जवळजवळ नेहमी ‘वेदर’पुढेच येतो, माणसापुढे क्वचितच. ‘टॉरेन्शियल’पुढे ‘रेन’ येतो आणि ‘स्केदिंग’ची सोबत टीकेशी असते. ‘इफेमरल’चे मूळ ग्रीकमध्ये ‘एका दिवसापुरता’ असे आहे. तो कीर्ती, सौंदर्य, आनंद यांच्यासोबत येतो, आणि वनस्पतिशास्त्रात पावसानंतर थोडेच दिवस जगणाऱ्या रोपांसाठीही वापरतात. मराठीत ‘क्षणभंगुर’ हा त्याचा उत्तम जोडीदार आहे. बसचा पास किंवा दुधाची पिशवी अल्पकाळ टिकते म्हणून तिला कोणी ‘इफेमरल’ म्हटले, तर अर्थ कळेल, पण कान खटकेल.

उच्चाराचे थोडक्यात सांगतो. मराठीत शब्दाच्या एखाद्या अक्षरावर जोर दिला नाही तरी अर्थाला बाध येत नाही. इंग्रजीत मात्र आघात चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक शब्दात आघाताच्या जागी टिंब द्यावे. ‘इफेमरल’मध्ये ते ‘फे’वर येईल. स्पेलिंग पाहून आपण ज्याला ‘हायपरबोल’ म्हणतो तो शब्द ‘हायपर्बली’ आहे, ‘एपिटोम’ हा ‘इपिटमी’ आहे, आणि ए, डब्ल्यू, आर, वाय या अक्षरांचा शब्द ‘ऑरी’ नसून ‘अराय’ आहे. ऑनलाइन कोशांत उच्चार ऐकण्याची सोय असते. शब्द वहीत लिहितानाच तो दोनदा ऐकून मोठ्याने म्हणावा.

उजळणीसाठी खोक्याची पद्धत वापरावी. शिकलेले विस्मरणात कसे जाते याचे प्रयोग हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर करून १८८५ साली प्रसिद्ध केले, आणि वाढत्या अंतराने उजळणी करण्याची कार्डांची व्यवस्था सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. आमच्या घरी त्यासाठी लिल्या चिवड्याचे रिकामे डबे कामी आले आहेत. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मूळ, मराठी प्रतिशब्द व वाक्य लिहावे. पहिल्या डब्यातील कार्डे रोज, दुसऱ्यातील तीन दिवसांनी, तिसऱ्यातील आठवड्याने आणि चौथ्यातील महिन्याने पाहावीत. आठवले तर कार्ड पुढच्या डब्यात जाते, विसरले तर ते कितीही पुढे गेलेले असले तरी पहिल्या डब्यात परत येते. कार्डाची इंग्रजी बाजू झाकून मराठीवरून इंग्रजी शब्द आठवण्याचा सराव अधिक कठीण असतो, पण बोलताना आणि लिहिताना तोच उपयोगी पडतो.

शेवटची पायरी लेखनाची. दर रविवारी आठवड्यातील निदान तीन शब्द वापरून दहा-बारा ओळींचा परिच्छेद लिहावा, आणि मग तो मोठ्याने वाचून प्रत्येक शब्दाला विचारावे की तुझ्या जागी साधा शब्द आला असता तर काय बिघडले असते. काही बिघडत नसेल, तर साधाच शब्द ठेवावा. कचेरीच्या पत्रव्यवहारात आणि मुलाखतीत हा कस अधिकच कडक लावावा, कारण तेथे वाचणाऱ्याला कोश उघडायला लावणे हा त्याचा वेळ घेणे आहे.

गेल्या जूनमध्ये भाचीने सूरसागर तलावाच्या काठावर अनुभवलेल्या पहिल्या पावसावर परिच्छेद लिहून आणला. त्यात ‘टॉरेन्शियल’, ‘इफेमरल’ आणि ‘पेट्रिकोर’ हे तीन शब्द होते. सर मुळातच हलकी होती, म्हणून पहिला शब्द तिने स्वतःच खोडला. दुसऱ्याच्या जागी ‘ब्रीफ’ पुरेसा होता. ‘पेट्रिकोर’ मात्र राहिला. तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर येणाऱ्या वासासाठी इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली हा शब्द घडवला. ग्रीकमध्ये ‘पेट्रा’ म्हणजे दगड आणि ‘इकॉर’ म्हणजे देवांच्या नसांतून रक्ताऐवजी वाहणारा द्रव. इंग्रजीत या वासासाठी दुसरा सुटसुटीत शब्द तिला सापडेना. तिने वही उघडून मराठीच्या रकान्यात ‘मृद्गंध’ असे लिहिले, आणि वाक्याच्या रकान्यात स्वतःचेच वाक्य उतरवून त्यापुढे तारीख घातली.